एकोणीस खाकी पाकिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. रक्त झालं, लघवी झाली, साखर, थायरॉइड, छातीचा आलेख, सगळं झालं. रिपोर्टांचा गठ्ठा हा एवढा आणि प्रत्येकावर एकच शब्द, नॉर्मल. मी विचारलं, "मग सकाळी उठतो तेव्हा रात्रभर पोती वाहिल्यासारखं का वाटतं?" ते म्हणाले, "सहा आठवडे रोज लिहा. झोप किती, भूक किती, दिवस कसा गेला. मग वही घेऊन या." बहुतेक साखरेचंच काहीतरी दडलेलं असणार. वडिलांना होती.

झोप : चार तास. भूक : नव्हती, हिने वाढलं म्हणून जेवलो. दिवस : गेला.

बुधवार, ५

दोन ओळींत काम भागतं, पण वही दोनशे पानी आणली आहे आणि कोरी पानं फुकट घालवणं आमच्या रक्तात नाही. तेव्हा दुकानाबद्दल लिहितो.

औषधांचं दुकान वडिलांनी काढलं. मी सत्तावन्न वर्षांचा, त्यातली पस्तीस वर्षं काउंटरशी उभा आहे. माझ्या पाठीमागे कपाटं, आणि कपाटांच्या पाठीमागे धाकटा. धाकटा म्हणजे माझा भाऊ, वय चव्वेचाळीस. कपाटाच्या मधोमध एक खण रिकामा ठेवलाय, जाडजूड पुस्तकाएवढा. मी त्यातून चिठ्ठी आत सरकवतो, तो औषध बाहेर सरकवतो. लोकांनी वीस वर्षं त्याचा हात पाहिलाय, तोंड नाही. कोणी विचारलंच तर मी म्हणतो, "मदतनीस आहे."

खरं सांगायचं तर मदतनीस मी आहे. औषधशास्त्राची पदविका त्याची. भिंतीवरचं प्रमाणपत्रही त्याचंच, फक्त ते इतक्या उंचावर लावलंय की वाचायला शिडी लागेल. शेवटच्या वर्षाला असताना तो आजारी पडला. भिंतीशी बोलायचा, जेवणात कोणीतरी काहीतरी कालवलंय म्हणायचा. दीड वर्ष हॉस्पिटलात होता. बरा झाला, परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाला. गोळी रोज अकरा वाजता घेतो, आजवर चुकलेली नाही. पण वडिलांनी त्याला कपाटामागे बसवलं ते बसवलं. त्याच्याच भल्यासाठी. लोकांच्या नजरा त्याला सोसल्या नसत्या.

झोप : साडेचार. भूक : बेताची.

शनिवार, ८

आज एक खाकी पाकीट गेलं. त्याबद्दल लिहायला हवं, कारण आयुष्यात मी दुसरं काही शोधून काढलेलं नाही.

डोक्याच्या डॉक्टरांचा दवाखाना चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. जाणारा प्रत्येक जण चपला घ्यायच्या निमित्ताने जातो आणि परत येताना लाज राखायला खोका घेऊन येतो. आमच्या भागात ज्याच्या पायात सारखी नवी चप्पल दिसते त्याच्याकडे मी जरा जास्त मायेनं बघतो. चपलावाला मात्र निर्लज्ज. दारात पाय पडला की विचारतो, "वर की खाली?"

तिथल्या चिठ्ठ्या घेऊन लोक माझ्याकडे येतात. दुकान बंद करायच्या वेळी, गर्दी ओसरल्यावर, मान खाली घालून. ती मान मला बघवत नाही. म्हणून मी गोळ्या पट्टीतून सोडवून खाकी पाकिटात घालतो आणि पाकिटावर लिहितो पित्त, नाहीतर सांधे, नाहीतर शक्तीच्या गोळ्या. घरात कोणी बघितलं तरी ताकास तूर लागत नाही. असे माझे एकोणीस जण आहेत. सलूनवाला सांध्यांचा. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याबद्दल असं काही कळलं तर कोण त्याच्यापुढे मान करेल? शाळेतल्या बाई पित्ताच्या. त्यांच्या घरी तर नवऱ्यालासुद्धा माहीत नाही.

धाकटा नेहमी कुरकुरतो. आजही खणातून आवाज आला, "दादा, पट्टीवर नाव असतं ते उगाच नसतं. खोटं लिहू नकोस."

मी म्हटलं, "तू आत बसलायस, तुला काय कळतंय बाहेर काय चालतं ते."

जरा लागेलसं बोललो.

मंगळवार, ११

बाई आल्या. खोकला झालेल्या मुलासाठी औषध घेतल्यासारखं केलं आणि चिठ्ठी खालून सरकवली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आहे. "झोप लागते का?" मी हळूच विचारलं. "आता लागते," त्या म्हणाल्या, "पण सासूबाई म्हणतात, एवढं कसलं पित्त हिला, जेवत तर काही नाही." आम्ही दोघं हसलो. चेहरा सुधारलाय त्यांचा.

मला मात्र हसून झाल्यावर बसावं लागलं. हसायलासुद्धा ताकद लागते हे आज कळलं.

झोप : तीन तास. भूक : नाही.

गुरुवार, १३

आज दोन ओळींत भागणार नाही.

दुपारी चारला फोन आला. बाईंचे यजमान. आवाज चिरकलेला. बाई शाळेत. सासूबाईंना जेवणानंतर जळजळ व्हायला लागली म्हणून त्यांनी सुनेच्या कप्प्यातून पित्ताचं पाकीट काढलं. दोन गोळ्या घेतल्या. बरं वाटेना म्हणून आणखी दोन. यजमान घरी आले तर आई मोरीच्या दाराशी पडलेली, डोळे उघडत नाही, हाक मारली तर नुसतं हूं करते. शेजारच्यांची गाडी दाराशी उभी आहे, हॉस्पिटलात विचारतील म्हणून ते घाईघाईनं विचारत होते, "पाकिटावर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे. कसल्या गोळ्या आहेत ह्या?"

मी म्हणालो, "बघतो हं. वही बघावी लागेल."

कसली वही? मला तोंडपाठ होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बाईंचा चेहरा आला. नाव सांगितलं की संपलं त्यांचं, असं वाटलं. मी नुसताच फोन धरून उभा. तेवढ्यात खणातून हात बाहेर आला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला.

धाकट्यानं गोळीचं नाव सांगितलं, किती ताकदीची ते सांगितलं. म्हणाला, "ती पित्ताची नाही. मनाच्या आजाराची आहे, तिनं झोप येते आणि रक्तदाब उतरतो. आजींना कुशीवर निजवून गाडीत घाला, एकटं सोडू नका, उरलेलं पाकीट डॉक्टरांच्या हातात द्या. चार घेतल्या असं सांगा. मी फोनवर आहे." एवढं बोलताना एकदाही अडखळला नाही. मी त्याच्याकडे बघितलंही नाही, खणाकडेच बघत राहिलो.

मग मी त्याच्यावर ओरडलो. "त्या बाईचा संसार मोडलास तू!"

आतून आवाज आला, "चूक झाली ती पाकिटावर झाली. आणि आजी जगायला हव्यात."

शुक्रवार, १४

आजी शुद्धीवर आहेत. कपाळाला तीन टाके, बाकी धोका नाही. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी हॉस्पिटलात गेलो होतो. यजमान माझ्या अंगावर धावून आले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. शांतपणे म्हणाले, "चार वर्षं माझी बायको आजारी आहे आणि ते मला सोडून तुम्हाला माहीत आहे." तक्रार करणार म्हणाले. करा म्हटलं. बाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "जेवायला वाढू?" मी हो म्हटलं आणि ताटासमोर अर्धा तास बसून उठलो. धाकटा माझ्या ताटाकडे बघत होता.

मंगळवार, १८

बातमी पसरायला आपल्याकडे वर्तमानपत्र लागत नाही. परवापासून तीन खाकी पाकिटं न्यायची होती. एकही गेलं नाही. फळीवर तशीच आहेत. बहुतेकांना वाटतं आहे की फोन आला की हा दुकानदार सगळं ओकतो.

शनिवार, २२

आता फळीवर सात. सलूनवाल्याच्या गोळ्या सोमवारी संपल्या असणार. तारखा मला पाठ आहेत, झोप येत नाही तेव्हा त्याच मोजतो. आज मुद्दाम दाढी करायला गेलो. त्याने मला खुर्चीत बसवलं, पांढरं फडकं गळ्याभोवती बांधलं, आणि आरशातून माझ्याकडे असं बघितलं की विचारायचा धीर झाला नाही. माझ्या मानेवर वस्तरा होता तेव्हा मला त्याची भीती नाही वाटली. त्याच्यासाठी भीती वाटली. शेजारी दोघं बाकावर बसून गप्पा मारत होते, "त्या बाईला म्हणे वेड लागलंय, शाळेत ठेवतात कशी?" त्याचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. दाढी केलेल्या जागी एक बारीकसा काप आहे. मी त्याला दिसू दिला नाही.

झोप : दोन, फार तर अडीच.

मंगळवार, २५

औषध खात्याचे तपासनीस साहेब आले. भला माणूस होता, तेच अवघड गेलं. पाकिटं उलटीपालटी करून म्हणाला, "तुमचा हेतू मला कळतो. पण उद्या डॉक्टरांना तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवायचा आहे, हेतूवर नाही." मग भिंतीकडे वर बघितलं. "हे कोण?"

"माझा भाऊ."

"कुठे असतात?"

मी कपाटाकडे बोट केलं. साहेबांनी वाकून खणातून बघितलं. धाकट्यानं आतून नमस्कार केला. साहेब उभे राहिले, हसू दाबत होते बहुतेक. "म्हणजे ज्यांना औषध द्यायचा अधिकार आहे ते आत, आणि ज्यांना नाही ते बाहेर. शनिवारपासून हे गृहस्थ काउंटरवर दिसले पाहिजेत. प्रत्येक औषध पट्टीसकट, खरं नाव, पेशंटचं नाव. नाहीतर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल."

ते गेल्यावर मी स्टुलावर बसलो. धाकट्याला लोकांसमोर उभं करायचं! आहेत ती गिऱ्हाइकंही पळतील. एकोणीस जण तर कायमचे गेले समजायचे. आणि त्याला पुन्हा काही झालं तर?

हे सगळं मी मोठ्यानं बोललो असणार, कारण खणातून उत्तर आलं. "दादा, मला काही झालं तर मला डॉक्टर आहे. दुकान बंद झालं तर त्या एकोणीस जणांना कोण आहे?"

शुक्रवार, २८

वीस वर्षं धाकट्याचे केस ही घरीच कापते. आज तो म्हणाला, "उद्या काउंटरवर उभं राहायचं तर नीट कापून येतो." आणि एकटा सलूनमध्ये गेला. मी खालच्या फळीवर काही शोधत असल्यासारखं दाराशी घुटमळत राहिलो. पाऊण तासानं आला. कान मोकळे, मान गोरी, वडिलांसारखा दिसत होता.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काही नाही. मी हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला तर त्याकडे बघत राहिला. म्हणाला, हा हात मी ओळखतो. मग मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"मी कोण ते. आणि वीस वर्षं आत का होतो ते."

"सगळ्यांसमोर?"

"बाकावर तिघं होते. त्यातल्या एकानं विचारलं, आता बरा आहेस का? मी म्हटलं, गोळी घेतो तोवर बरा आहे. तो म्हणाला, माझं रक्तदाबाचं तसंच आहे." धाकटा खांदे उडवून आत गेला. मला का कोण जाणे, राग आला. मी वीस वर्षं ज्याला जपलं ते यानं पाऊण तासात उधळून टाकलं.

शनिवार, १ मार्च

पहिला दिवस. तो बाहेर, मी बाजूला. लोकांनी बघितलं, अर्थातच. एका गृहस्थानं चिठ्ठी माझ्याकडेच धरली, "तुम्हीच द्या हो." धाकटा म्हणाला, "दादांना सही करायचा अधिकार नाही, मला आहे. रांगेत या." एवढ्या साधेपणानं म्हणाला की तो गृहस्थ रांगेत गेला.

अकरा वाजता त्यानं खिशातून पट्टी काढली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. समोर उभ्या असलेल्या आजोबांनी विचारलं, "काय हो, डोकं दुखतंय?" धाकटा म्हणाला, "नाही. मनाच्या आजाराची आहे. रोज घेतो." आजोबा म्हणाले, "असं असं," आणि आपल्या खोकल्याच्या औषधाकडे वळले. आभाळ कोसळलं नाही. मी मात्र दिवसभर ते कोसळायची वाट बघत होतो आणि त्यातच दमलो.

दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली, तेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, ७

सलूनवाला आला. बंद करायच्या वेळी नाही, सकाळी दहा वाजता. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "माझ्या गोळ्या राहिल्यात," म्हणाला. आवाज हळूच होता, पण मान वर होती. धाकट्यानं पट्टी त्याच्यासमोर ठेवली, नाव वाचून दाखवलं, किती दिवस चुकल्या विचारलं. "अठरा." "मग आज डॉक्टरांना भेटून या, मगच सुरू करा. मी फोन करून ठेवतो." पारदर्शक पिशवीत घालून दिलं.

तो गेल्यावर मी फळीवरचं खाकी पाकीट उचललं. वर माझ्याच हातानं लिहिलं होतं, सांधे. फाडून टाकलं.

मला आनंद व्हायला हवा होता. हे इथे लिहून ठेवतो, कारण तो झाला नाही. काहीच झालं नाही. काचेपलीकडून कोणाचं तरी चांगलं होताना बघावं तसं वाटलं.

मंगळवार, ११

आजी आल्या! कपाळावर टाक्यांची खूण, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला धरून बाई. मी उठून उभा राहिलो.

"कुठाय तो पित्ताचा वैद्य?" आजींनी विचारलं. मी पुढे झालो. "तुमची गोळी झकास होती हो. त्या रात्री अशी झोपले, लग्न झाल्यापासून तशी झोपले नव्हते." दुकानातले चार लोक हसले. बाईसुद्धा.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर आजींनी हात वर केला. "ते राहू द्या. आता हिच्या गोळ्या माझ्या ताब्यात. माझ्या हातानं देते रोज. तेव्हा नाव मोठ्या अक्षरात लिहा, मला चष्म्यानंही कमी दिसतं." धाकट्यानं मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं. आजींनी डोळ्याजवळ नेऊन वाचलं आणि पिशवीत टाकलं.

निघताना बाई माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "यजमान अजून नीट बोलत नाहीत. शाळेत दोन पालकांनी वर्ग बदलून मागितला." पर्स बंद करत म्हणाल्या, "पण पाकीट लपवायला नवी जागा शोधावी लागत नाही, हे एक बरं झालं." मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही झोपता का?"

मी म्हटलं, "वय झालं आता, बाई."

एकोणीसपैकी दहा जण परत आले. नऊ बाकी.

सोमवार, १७

सकाळी शटर वर करायला वाकलो आणि उठता आलं नाही. कंबर धरली नव्हती, चक्करही नव्हती. फक्त ते शटर वर करणं, दिवे लावणं, माणसांशी बोलणं, हे पुन्हा करायचं आहे या विचारानं पायरीवर बसलो आणि रडायला लागलो. भर रस्त्यात, सत्तावन्न वर्षांचा माणूस. धाकट्यानं शटर वर केलं, मला आत नेलं, कपाटामागे त्याच्या जुन्या खुर्चीत बसवलं. तिथून खणातून दुकान दिसतं. वीस वर्षं त्याला एवढंच दिसत होतं.

दुपारी ही मला आणि या वहीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. सहा आठवडे झालेच होते. त्यांनी अर्धी वही वाचली. मी विचारलं, "साखर?"

"तुम्ही सहा आठवड्यांत एकदाही लिहिलं नाहीत की बरं वाटलं," ते म्हणाले. "आनंद व्हायला हवा होता तेव्हाही नाही. हे साखरेचं नाही. चपलांच्या दुकानावर जा. तुमच्याच ओळखीचे डॉक्टर आहेत."

मला संताप आला. "हे आधीच कळत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पुन्हा आला असतात?"

"म्हणजे तुम्हीही मला पित्ताचं पाकीट दिलंत!"

ते ओशाळले. ही मात्र हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "वर्षभर मी म्हणतेय, हा माणूस घरात असून नाही." मला हे कधी ऐकू आलं नव्हतं.

गुरुवार, २०

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते, म्हणून सगळं लिहितो.

सकाळी गेलो. चपलावाला दारातच होता. "वर की खाली?" मी म्हटलं, "खाली." एक चप्पल पायात घालून बघितली, आणि त्याचं लक्ष नाहीसं पाहून जिना चढलो.

वर खोली भरलेली. बाकावर माझेच लोक! पित्त, सांधे, शक्तीच्या गोळ्या, सगळे ओळीनं बसलेले. माझ्याकडे बघून सगळ्यांनी ओळखीचं हसू केलं, कारण धाकट्याची चिठ्ठी न्यायला मी दर महिन्याला येतोच. खिडकीतल्या मुलीनंही तेच धरून चालून विचारलं, "भावाच्याच नावानं ना?" आणि मी म्हणालो, "हो." तोंडातून निघून गेलं. मग मनाशी म्हटलं, काय बिघडलं? त्याचं नाव इथे आहेच. त्याला आता कसली लाज राहिली आहे? माझं नाव कोरं आहे, ते कोरं राहू दे.

डॉक्टरांनी पाऊण तास बोलतं केलं. नैराश्य आहे म्हणाले, बरं होतं म्हणाले. धाकट्याच्या फाइलीतल्या कागदावर, वरचं नाव न बघता, त्यांनी गोळी लिहिली. मी कागद घडी करून खिशात घातला, खाली येऊन ती चप्पल विकत घेऊन पायातच घातली, आणि जुनी खोक्यात घालून दुकानात आलो.

दुकानात पाच-सहा जण होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. वाटलं, धाकटा समजून घेईल, गुपचूप देईल. कागद दिला. त्यानं वाचला. पुन्हा वाचला.

"हे औषध माझं नाही," तो म्हणाला.

"हळू बोल."

"दादा, कागदावर नाव माझं आहे. फाइलीतही माझंच असणार. उद्या मी आजारी पडलो आणि कोणी ती फाइल बघून मला ही गोळी दिली तर? माझ्या गोळीबरोबर? आजींचं काय झालं, आठवतं ना?" तो रागावलेला नव्हता. मला तो रागावलेला चालला असता. "तू माझ्यावर पाकीट चिकटवलंस रे."

मागची माणसं रांगेत उभी होती. त्यानं कागद परत माझ्या हातात दिला आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "नाव दुरुस्त करून आण. मग लगेच देतो. खोका इथेच ठेव, जड असेल."

मी परत गेलो. दहा मिनिटांचा रस्ता, मला अर्धा तास लागला. चपलावाल्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "आता?"

"वर," मी म्हणालो.

खोलीत सकाळच्यातले निम्मे अजून बसलेले होते, आणि आता बाईही आल्या होत्या, शेजारी आजी. खिडकीतल्या मुलीला मी म्हटलं, "सकाळी नाव चुकीचं सांगितलं. भावाच्या फाइलीतला तो कागद काढा. नवीन फाइल करा." तिनं पेन उचललं. "पेशंटचं नाव?"

सगळ्यांना कळलं होतं. मी माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मुलीनं मान वर न करता विचारलं, "वय?"

वळलो तर बसायला जागा नव्हती. बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकल्या. "बसा," म्हणाल्या, "इथे वेळ लागतो." आजींनी काठीनं माझ्या पायाकडे खूण केली. "चप्पल नवी दिसतेय," म्हणाल्या. सलूनवाला खो-खो हसला, मग सगळेच. मीही. हसल्यावर बसावंसं वाटलं, पण आधीच बसलो होतो.

दुकान बंद करायच्या आधी परत आलो. धाकट्यानं कागद वाचला, पट्टी काढली, नाव वाचून दाखवलं, सकाळी जेवणानंतर एक, पंधरा दिवस फरक जाणवणार नाही, तरी थांबवायची नाही. मी पस्तीस वर्षं हे दुसऱ्यांना सांगतोय, तरी नीट ऐकून घेतलं.

झोप : अजून झोपलो नाही. भूक : थोडी. औषध : उद्यापासून, सकाळी एक. पिशवी हिच्यासमोर टेबलावर ठेवली आहे. तिच्यावर धाकट्यानं मोठ्या, वाकड्या अक्षरात माझं नाव लिहिलं आहे.